पेटी मजबूत, शेजार कापसाचा: फोर्ट स्टिकिन जहाजाचं प्रकरण

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. ही हकीकत मुंबईकरांनी ऐकलेली असते. आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटा, मांडवी-मस्जिद बंदर भागातला वणवा, प्राण गमावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन. इथे मात्र ही घटना एका वेगळ्या प्रश्नासाठी उघडायची आहे: स्फोटक वस्तू सुरक्षित नेण्यासाठी त्या बांधायच्या कशा, भरायच्या कशा, आणि त्या बांधणीत नेमकं काय काय मोडतं?

माझं म्हणणं असं आहे. स्फोटक वस्तूचं पॅकिंग पेटीच्या झाकणापाशी संपत नाही. पेटी, पेटीशेजारचा माल, दोघांमधली भिंत, कागदावरची नोंद आणि डोलकाठीवरचं निशाण, हे सगळं मिळून एकच वेष्टण असतं. फोर्ट स्टिकिनवर पेट्या होत्या. बाहेरचे थर मात्र एकेक करून गळत गेले, आणि बहुतेक वेळा त्यामागे त्या घडीला पटणारं कारण होतं. म्हणून हे प्रकरण निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून वाचू नये. सवलतींची बेरीज कशी होते, ते इथे दिसतं.

जहाज आणि माल

फोर्ट स्टिकिन हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, प्रिन्स रुपर्ट इथे १९४२ मध्ये बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद करत कराचीला आलं. जहाजावर १,३९५ टन स्फोटकं होती. टॉर्पेडो, पाणसुरुंग, तोफगोळे आणि इतर दारूगोळा. त्यातली २३८ टन त्या काळच्या 'ए' वर्गातली, म्हणजे सर्वांत संवेदनशील. सोबत स्पिटफायर लढाऊ विमानं होती. शिवाय सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांचं सोनं, ३१ पेट्यांमध्ये.

कराचीला विमानं उतरवली गेली आणि जहाजात जागा झाली. युद्ध चालू असताना अर्धं रिकामं जहाज हाकणं कुणालाच परवडत नव्हतं. दुसरीकडे सिंध आणि पंजाबचा कापूस रेल्वेने मुंबईला आणायला त्या वेळी बंदी होती, त्यामुळे व्यापाऱ्यांपुढे समुद्राचीच वाट उरली होती. रिकामी जागा आणि अडलेला कापूस यांची अशी गाठ पडली. कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार लोखंड जहाजात चढलं. कप्तान अलेक्झांडर जेम्स नायस्मिथ यांनी या मिश्रणाबद्दल निषेध नोंदवला. जळणारं किंवा फुटणारं जे जे म्हणून असतं ते जवळपास सगळं या जहाजावर आहे, अशा अर्थाचं त्यांचं वर्णन नोंदलेलं आहे. जहाज तरीही निघालं, आणि त्या स्फोटात नायस्मिथ स्वतः गेले.

या भरणीतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, खाली कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. एकच होल्ड, एकच हवा, आणि आग नेहमी ज्या दिशेला चढते त्या दिशेला दारूगोळा.

१२ ते १४ एप्रिल

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलं. स्फोटकांचं जहाज बाहेर पाण्यात नांगरायचं, माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांमध्ये, उतरवायचा आणि मग किनाऱ्याला आणायचा, ही शांततेच्या काळातली रीत. युद्धाच्या धांदलीत ती बाजूला पडली होती. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचं लाल निशाण जहाजावर नव्हतं. स्फोटकं तातडीने उतरवायला हवी होती, पण धक्क्याला लागून ४८ तास उलटले तरी ती जहाजातच होती.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमध्ये आग असल्याचं जहाजावरच्या लोकांना कळलं. त्याच्याही आधी, साडेबाराच्या सुमारास, शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना तिथून धूर निघताना दिसला होता. शहराच्या अग्निशमन दलाला वर्दी जायलाही उशीर झाला. मग पंप आले, अग्निशमन बोटी आल्या, होल्डमध्ये ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे तेच सापडेना. जहाजाच्या बाजूचा रंग एका ठिकाणी फुगायला लागला आणि भोवतालचं पाणी उकळायला लागलं.

विदर्भ-खानदेशात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात काम केलेल्यांना ही आग समजावून सांगायची गरज नाही. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात हवा कोंडलेली असते. ठिणगी आत शिरली की ज्वाळा न दाखवता ती आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारलं तर बाहेरचे थर भिजतात आणि आतला निखारा तसाच राहतो. बंद होल्डमध्ये वाफ सोडून आगीची हवा तोडायची सोय जहाजावर होती. ती वापरली गेली नाही, याबद्दल पुढे चौकशीत ठपका आला.

धक्क्यावर दोन मतं होती. लष्कराच्या दारूगोळा विभागातले कॅप्टन ओबर्स्ट यांनी माल पाहून जहाज बुडवावं असं सुचवलं. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर यांचं मत जहाज बाहेर समुद्रात न्यावं असं होतं. दोन्ही उपायांना आपापल्या अडचणी होत्या. धक्क्यापाशी जहाज पूर्ण बुडेल एवढं पाणी नव्हतं, आणि पेटलेलं जहाज अरुंद गोदीतून बाहेर काढणं सोपं नव्हतं. निर्णय होईपर्यंत वेळ संपली. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. त्यानंतर १६ मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदानं फुटली. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर हादरा उमटला, दूरच्या शिमल्यालाही तो जाणवल्याची नोंद आहे. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेले लोक त्यात सापडले.

पेटते कापसाचे गोळे गोदीवर, जहाजांवर आणि गोदीबाहेरच्या वस्त्यांवर पडले. मृतांचा आकडा कमीत कमी ८०० सांगितला जातो, काही अंदाज १,३०० पर्यंत जातात. सुमारे २,५०० जखमी झाले, ८०,००० लोक बेघर झाले. १३ जहाजं गेली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे ५ लाख टन ढिगारा उपसून गोदी पुन्हा चालू करायला ८,००० माणसं सात महिने राबत होती. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे भारतातल्या वर्तमानपत्रांना सविस्तर बातमी मे महिन्यापर्यंत देता आली नाही.

पेटीचं काम किती, आणि कुठपर्यंत

चौकशी झाली आणि चुका मांडल्या गेल्या: कापूस दारूगोळ्याच्या खाली भरला, लाल निशाण लावलं नाही, स्फोटकं उतरवायला उशीर केला, वाफेचा वापर केला नाही, अग्निशमन दलाला उशिरा कळवलं. आग कापसाच्या गाठींतच लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. या यादीत स्फोटकांच्या पेट्यांच्या दोषाचा उल्लेख नाही. मला तो नसणं फार महत्त्वाचं वाटतं. पेटी आपलं काम करत असतानाही एवढा संहार होऊ शकतो, हे त्यातून कळतं. म्हणून पेटीचं काम नेमकं काय, ते आजच्या नियमांच्या आधारे पाहू.

आज जगभर चालणारी पद्धत धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने केलेल्या शिफारशींवर उभी आहे. त्या पहिल्यांदा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. समुद्रमार्गासाठी त्यांच्यावर आधारलेली आयएमडीजी संहिता १९६५ मध्ये आली आणि २००४ पासून बंधनकारक झाली. या पद्धतीत स्फोटकं हा वर्ग १. त्याचे सहा विभाग आहेत. १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडण्याचा धोका. १.२ म्हणजे तुकडे फेकले जाण्याचा. १.३ मध्ये मुख्य धोका आगीचा. १.४ मध्ये धोका किरकोळ, बहुतांशी खोक्यापुरता. १.५ आणि १.६ हे अतिशय मंद प्रतिसाद देणाऱ्या मालासाठी.

बहुतेकांचा समज असा असतो की विभाग हा वस्तूच्या अंगी असतो, जसा लोखंडाला गंज किंवा मिठाला खारटपणा. तसं नाही. विभाग ठरतो तो वस्तू आणि तिचं पॅकिंग या जोडीचा. इलेक्ट्रिक डिटोनेटरचं, म्हणजे मुख्य स्फोटकाला उडवणाऱ्या छोट्या वस्तूचं, उदाहरण घ्या. त्याला यूएन क्रमांक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला ओळख क्रमांक, एक नाही, तीन आहेत. यूएन ००३० म्हणजे १.१ बी, यूएन ०२५५ म्हणजे १.४ बी आणि यूएन ०४५६ म्हणजे १.४ एस. शेवटचं अक्षर, कोणता माल कोणाबरोबर ठेवता येईल तो गट सांगतं. खाणीत उतरणारा माणूस तिन्हींना डिटोनेटरच म्हणेल. फरक पडतो तो एक डिटोनेटर उडाला तर शेजारचे उडतात का आणि परिणाम खोक्याबाहेर येतो का, यावर. खोक्यातली मांडणी, मधले पडदे, एका खोक्यातली संख्या बदलली की क्रमांक बदलू शकतो. आणि क्रमांकाबरोबर तो कुठल्या वाहनात जाईल, कोणाशेजारी ठेवता येईल, विमानात चढेल की नाही, हे सगळं बदलतं.

ही परीक्षा कागदावर होत नाही, मैदानात होते. चाचणी मालिका ६ मध्ये आधी एकाच खोक्यातला माल मुद्दाम उडवून पाहतात. खाली पोलादाचा पत्रा असतो, तो फाटला की वाकला ते बघतात. मग खोक्यांची थप्पी रचून एकातून दुसऱ्यात स्फोट पसरतो का ते पाहतात. तिसरी चाचणी बाहेरच्या आगीची: खोक्यांच्या थप्पीखाली आग लावून ती किमान ३० मिनिटं पेटती ठेवतात आणि काय होतं ते नोंदवतात. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच बराचसा विभाग ठरतो.

तिसऱ्या चाचणीपाशी थोडं थांबायला हवं. ती विचारते, आग लागली तर हा माल कसा वागेल? आगीत टिकेल का, असं ती विचारत नाही. लाकडी पेटी, आतलं गादीसारखं भरण, वस्तूचं स्वतःचं धातूचं कवच, हे सगळे थर उष्णता आत पोहोचायला वेळ लावतात. वेळ लावतात, अडवून धरत नाहीत. फोर्ट स्टिकिनवर आग कळल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत दोन तासांहून अधिक गेले, आणि धूर पहिल्यांदा दिसल्यापासून मोजलं तर साडेतीन तास. इतका वेळ खालून भाजत राहणाऱ्या दारूगोळ्याला वाचवेल अशी पेटी तेव्हा नव्हती आणि आजही नाही. पेटीने दिलेला वेळ पुरतो की नाही, हे पेटीबाहेर ठरतं.

पेटीच्या आतले नियम मात्र बारीक आहेत आणि प्रत्येकामागे एक विशिष्ट भीती आहे. वर्ग १ च्या मालासाठी पॅकिंग सामान्यपणे पॅकिंग गट २ च्या दर्जाचं लागतं. म्हणजे भरलेलं खोकं १.२ मीटरवरून टाकलं तरी त्याने धरून ठेवायला हवं आणि ३ मीटर उंच थप्पीइतकं वजन २४ तास पेलायला हवं. खोक्यावर छापलेल्या यूएन खुणेतला 'वाय' हेच सांगतो. खिळे, स्टेपल उघडे ठेवून बाहेरच्या पेटीतून आत शिरू द्यायचे नाहीत. वस्तूच्या धातूच्या भागाचा धातूच्या पेटीशी संपर्क होऊ द्यायचा नाही. आतली वस्तू प्रवासात सैल होऊन हलायला नको. प्लास्टिकचं पॅकिंग असेल तर त्यात ठिणगी पाडण्याइतकी स्थिर वीज साठता कामा नये. हे नियम वाचताना मला त्यांच्या लेखकांबद्दल आदर वाटतो. त्यांनी ट्रकचा हादरा, हमालाच्या हातून सुटलेलं खोकं, एप्रिलमधली कोरडी हवा, असं सगळं गृहीत धरलेलं आहे.

टॉर्पेडो आणि पाणसुरुंग यांच्यासारख्या मोठ्या, भक्कम वस्तूंची गोष्ट निराळी. पी१३० या पॅकिंग सूचनेनुसार अशी वस्तू पेटीशिवायही नेता येते, फक्त पाळण्यासारख्या आधारावर किंवा सांगाड्यात घट्ट बसवून. अट एक असते: तिला उडवणारी यंत्रणा सोबत नसावी, किंवा असली तर तिला निदान दोन परिणामकारक संरक्षणं असावीत. इथे वस्तूचं कवच हीच पेटी. उडवणारा भाग आणि उडणारा भाग यांना वेगळं ठेवणं, हे खरं पॅकिंग. विभागापुढे लागणारी सुसंगतता गटाची अक्षरंही याच तत्त्वावर आहेत. 'बी' गटातले डिटोनेटर आणि 'डी' गटातलं मुख्य स्फोटक एका जागी भरायचे नाहीत. दगडखाणीवर काम करणारा साधा माणूसही केप (डिटोनेटर) आणि स्फोटकाच्या काड्या एकत्र नेत नाही, तोच हा नियम.

सोन्याच्या ३१ पेट्या दोन नंबरच्याच होल्डमध्ये होत्या, पोलादी टाकीत ठेवून वरून झाळून बंद केलेल्या. चोरीची भीती होती म्हणून त्यांना स्वतंत्र पोलादी कोठडी मिळाली. टाकी जहाजाबरोबर फुटली आणि विटा शहरभर उडाल्या. काही तेव्हाच सापडल्या, काही गोदीचा गाळ उपसताना पुढे कितीतरी वर्षांनी. कशाला किती वेगळं ठेवायचं याचा विचार त्या जहाजावर झाला होता, इतकंच ही टाकी सांगते. तो सोन्यासाठी झाला.

कापसाचा शेजार

आता तोच माल आजच्या तक्त्यात घालून पाहू. आयएमडीजी संहितेत कोरड्या वनस्पतिजन्य तंतूंना, म्हणजे कापसालाही, यूएन ३३६० क्रमांक आहे आणि वर्ग ४.१, ज्वलनशील घन पदार्थ. ओला कापूस ४.२ मध्ये जातो, यूएन १३६५ खाली. तेलकट कापूस-कचराही ४.२ मध्येच, यूएन १३६४ खाली, कारण तो आपोआप तापून पेटू शकतो. कोणता वर्ग कोणापासून किती लांब हवा, याचा संहितेत एक तक्ता आहे आणि त्यात १ ते ४ असे आकडे आहेत. १ म्हणजे निदान ३ मीटर दूर. ४ म्हणजे सर्वांत कडक: दोघांच्या मधे जहाजाच्या लांबीच्या दिशेने एक आख्खा होल्ड किंवा कप्पा हवा, आणि अंतर २४ मीटरहून कमी नको. १.१ आणि ४.१ जिथे एकमेकांना भेटतात त्या चौकटीत ४ लिहिलेलं आहे. १.१ आणि ४.२ च्या चौकटीतही ४.

फोर्ट स्टिकिनवर हे अंतर किती होतं? त्याच होल्डमधला एक मजला.

दुसऱ्या स्फोटाने मात्र याच्या उलट बाजू दाखवली. चार नंबरच्या होल्डमधला दारूगोळा पेटलेल्या कापसाला टेकून नव्हता, मधे अंतर होतं. तो पहिल्या स्फोटाबरोबर उडाला नाही, २८ मिनिटांनी उडाला. त्याला वाचवायला हे अंतर पुरलं नाही, पण अंतराने वेळ मिळतो हे त्यातून दिसतं. वेगळं ठेवण्याच्या नियमांचा सगळा हिशेब अशा मिनिटांचा असतो: आग एका जागी असताना माणसांना काहीतरी करता यावं, इतकी मिनिटं.

निशाण आणि कागद

लाल निशाणाची चूक यादीत लहान दिसते. माझ्या मते ती लहान नाही. आंतरराष्ट्रीय संकेतांत 'बी' अक्षराचं लाल निशाण म्हणजे धोकादायक माल. ते जहाजासाठी नसतं, बाकीच्यांसाठी असतं. शेजारच्या जहाजाच्या कप्तानाला, धक्क्यावरच्या मजुराला, घंटा वाजल्यावर धावत येणाऱ्या जवानाला ते सांगतं की या धुराकडे वेगळ्या नजरेने बघ. साडेबाराला धूर दिसलेल्या माणसांना ते निशाण दिसलं असतं, तर मधला दीड तास कदाचित हाती लागला असता.

असंच त्याआधी सुमारे २६ वर्षांपूर्वी कॅनडात हॅलिफॅक्सला घडलं होतं. ६ डिसेंबर १९१७ ला माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज पिक्रिक आम्ल, टीएनटी आणि गनकॉटन ही स्फोटकं घेऊन बंदरात शिरत होतं, डेकवर बेंझॉल या सहज पेटणाऱ्या द्रवाची पिंपं होती. दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, बेंझॉल पेटलं, आणि वीसेक मिनिटांत जहाज फुटलं. शत्रूला कळू नये म्हणून त्याच्यावरही निशाण नव्हतं. लोक घराच्या काचेच्या खिडक्यांशी उभे राहून आग बघत होते. जवळपास १,८०० माणसं गेली. वरच्या बाजूला जळणारा द्रव, खाली स्फोटकं आणि निशाण नाही. मुंबईत क्रम उलटा होता, घटक तेच.

आज निशाणाची जागा बऱ्याच अंशी कागदांनी घेतली आहे. माल पाठवणाऱ्याची घोषणा, कंटेनर नीट भरल्याचं प्रमाणपत्र, जहाजावरच्या धोकादायक मालाची स्वतंत्र यादी किंवा भरणीचा नकाशा, हे सगळं समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या प्रकरणाखाली मागितलं जातं. खोक्यावर नारिंगी चौकट, त्यावर विभाग आणि गटाचं अक्षर. आपल्याकडे जमिनीवरच्या वाहतुकीला आणि साठवणुकीला १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम लागू आहेत, आणि ते राबवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. महाराष्ट्रात खाणीसाठी लागणारी स्फोटकं बनवणारे कारखानेही नागपूरच्याच परिसरात मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हे नियम आपल्याला दूरचे नाहीत.

नायस्मिथ यांच्या निषेधाचं मला राहून राहून वाईट वाटतं. त्यांनी धोका ओळखला होता, शब्दांत मांडलाही होता. पण निषेध नोंदवायची सोय होती, भरणी थांबवायची ताकद त्या नोंदीत नव्हती. कराचीहून जहाज निघण्यासाठी त्या नोंदीवर कुणाची सही लागत नव्हती. आज कंटेनर भरणाऱ्याला प्रमाणपत्रावर सही करावी लागते आणि तो जबाबदार ठरतो. १९४४ च्या तुलनेत हा बदल मला पेटीच्या कुठल्याही सुधारणेपेक्षा मोठा वाटतो.

जिथे आजचे नियम सैल आहेत

तक्ता इतका कडक आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही. कापसाबाबत संहितेत एक सवलत आहे, विशेष तरतूद २९९. कोरडा कापूस दर घनमीटरला निदान ३६० किलो इतका दाबलेला असेल आणि बंद कंटेनरमध्ये असेल, तर त्याला संहितेच्या अटी लागू होत नाहीत. सवलतीमागचं तर्कशास्त्र मला पटतं. इतक्या दाबलेल्या गाठीत हवा कमी असते आणि कंटेनरच्या पोलादामुळे बाहेरची ठिणगी आत जात नाही. पण याचा अर्थ असाही होतो की असा कापूस धोकादायक मालाच्या यादीत दिसणार नाही, आणि तक्त्यातली ती ४ ची चौकट त्याला लागणार नाही. वंगणतेलाचंही तसंच. त्याचा ज्वलनबिंदू बहुधा इतका वर असतो की ते ज्वलनशील द्रवांच्या वर्गात बसतच नाही. म्हणजे फोर्ट स्टिकिनवर कराचीला चढलेल्या मालातल्या दोन मुख्य गोष्टी आज योग्य तऱ्हेने भरल्या, तर कागदोपत्री साध्या मालात मोडतील.

मग तक्ता पाळूनही स्फोटकांच्या कंटेनरला लागून जळाऊ मालाची रांग उभी राहू शकते. घोषणा खोटी किंवा अपुरी असेल तर परिस्थिती आणखी बिकट, आणि समुद्रावरच्या कंटेनर जहाजांना लागलेल्या कित्येक आगींच्या मुळाशी चुकीची घोषणा सापडलेली आहे. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला २,७५० टन अमोनियम नायट्रेट म्हणून ठेवलेल्या साठ्याचा स्फोट झाला, तेव्हाही त्याच गोदामात फटाके ठेवलेले होते.

म्हणून वर्ग १ चा माल भरताना फक्त धोकादायक मालाची यादी तपासणं मला पुरेसं वाटत नाही. त्याच्या आजूबाजूच्या, वरच्या आणि खालच्या कंटेनरांत काय आहे, मग ते कागदावर साधा माल म्हणून नोंदलेलं का असेना, ती पूर्ण यादी भरणीच्या नकाशासोबत मागवावी. त्यातलं सूत, कापूस, तेल, कागद, लाकूड वेगळं काढून दुसऱ्या बाजूला हलवावं. हे करायला कुठलाही नियम आडवा येत नाही. लागतो तो नकाशा बनवणाऱ्याचा तासभर वेळ, आणि जहाज सुटायची घाई असताना तो तास मागण्याचा अधिकार.